पाण्याचं निळं, विस्तवाचं तांबडं

कोंडीरामभाऊ गेल्या वर्षी वारले, म्हणून आता हे सांगायला हरकत नाही. त्यांच्या हयातीत तोंड उघडलं असतं तर गवराआक्कांनी मला कधी माफ केलं नसतं. तशी माझी जीभ सैल आहे, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. पण नेमकी जिथे सैल सुटायला हवी होती तिथे ती टाळूला चिकटून बसली, आणि नको तिथे सुटली. त्याचीच ही हकीकत आहे.

साल पंचावन्न. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना सुरू झाला होता आणि चिंचवड स्टेशनच्या पलीकडे एका शेतकऱ्याने ज्वारीच्या वावरात सहा खोल्यांची पत्र्याची चाळ बांधली होती. आम्ही बार्शीकडून आलेलो. माझे यजमान, उद्धवराव, कारखान्यात बाटल्यांच्या खात्यात लागले. मी बावीस वर्षांची होते, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी तेव्हा समजूत होती. शेजारच्या खोलीत कोंडीरामभाऊ आणि त्यांची बायको गवराबाई राहत. दोघं चाकणजवळच्या एका खेड्यातली. मूलबाळ नव्हतं. आक्कांचं वय अडतीस-चाळीस असेल. हसल्या की आधी डोळे मिटायच्या आणि मग तोंडावर पदर धरायच्या.

भाऊ कारखान्यात नळ्या रंगवायचे. तिथे म्हणे मैल मैल नळ्या. कुठली वाफेची, कुठली पाण्याची, कुठली आणखी कसली, ते नुसतं बघून कळावं म्हणून प्रत्येकीला वेगळा रंग. भाऊंना त्याचा भारी अभिमान. "रंग बघितला की मानसाचा हात बरूबर चावीवर पडला पायजे," असं ते उद्धवरावांना सांगत. उद्धवराव मान डोलवत आणि घरात आल्यावर मला म्हणत, "यांना वाटतं, सगळा कारखाना यांच्या ब्रशावर चालतो."

घर रंगवायचं खूळ मात्र एका फजितीतून सुरू झालं. त्या हिवाळ्यात आक्कांनी वांग्याच्या भाजीला गोड्या तेलाऐवजी रॉकेलची धार धरली. डबे सारखेच, शेजारी शेजारी ठेवलेले. बरं तर बरं, वासाने त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कढई चुलीवर चढवलीच नाही. चाळीत दोन दिवस हसणं चाललं. भाऊ हसले नाहीत. आक्कांची नजर मंद होत चालली आहे हे त्यांना आधीच जाणवलं असावं. रविवारी ते पिंपरी कॅम्पात गेले आणि भंगारवाल्याकडून अर्धवट वाळलेले रंगाचे डबे घेऊन आले. वरची साय सुरीने कापून काढली, खालचा रंग आक्कांच्या जुन्या लुगड्यातून गाळला, त्यात टर्पेंटाइन घातलं, आणि संध्याकाळपर्यंत रॉकेलचा डबा तांबडा, तेलाचा पिवळा आणि पाण्याचा हंडा ठेवायची फळी निळी झाली.

"पाण्याचं ते निळं, विस्तवाचं ते तांबडं, खाण्याचं ते पिवळं," त्यांनी आक्कांना सांगितलं. "आता चुकशील का?"

"न्हाई वो चुकायची," आक्का म्हणाल्या.

इथवर गरज होती. पण एकदा ब्रश घरात आला आणि भाऊंच्या हाताला चळच लागला. कारखान्यात परदेशातून यंत्रं यायची ती देवदाराच्या खोक्यांतून. ती खोकी मोडून फळ्या कामगारांना स्वस्तात मिळत. त्या फळ्यांची त्यांनी भांड्यांची मांडणी केली. कुणाच्या पडक्या घराचं दार आणून, खाली खोकी लावून त्याचा पलंग केला, हिरवागार. फुटका रॉकेलचा डबा कापून त्यात तुळस लावली. सायकलच्या मोडक्या रिमला आक्कांच्या विटक्या लुगड्यांचे काठ बांधून ते आढ्याला टांगलं, वारा आला की ते हळूच फिरायचं. ओल्या रंगात बांगड्यांच्या काचा रोवून आरशाला चौकट केली. आमच्या खोल्यांत एक ट्रंक आणि एक कॅलेंडर, आणि यांच्याकडे ही जत्रा. पलीकडच्या शालनबाई नाक मुरडून म्हणायच्या, "घर आहे की तमाशाचा फड?" म्हणायच्या, आणि पाहुणे आले की त्यांना दाखवायला तिथेच घेऊन जायच्या.

रोज संध्याकाळी भाऊ शिफ्टवरून आले की एक परीक्षा व्हायची. "सांग बरं, ह्यो कसला?" म्हणून ते वस्तूवर बोटाने टकटक करायचे. आक्का सांगायच्या. उत्तर बरोबर आलं की भाऊंचा चेहरा असा खुलायचा, की मला वाटायचं, माझ्या नवऱ्याने एकदा तरी माझ्याकडे असं बघावं. त्यांच्या खात्यातल्या कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं होतं, की भडक रंग डोळ्यांसमोर राहिले की नजर टिकते, विझत नाही. भाऊंनी ते वेदवाक्य मानलं.

छप्पनच्या उन्हाळ्यात मी आक्कांना पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. भाऊंची दिवसपाळी होती. डॉक्टर म्हातारे होते, सभ्य होते. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि मग आक्कांशी न बोलता माझ्याशी बोलले. काचबिंदू आहे, उशीर झालाय, थेंब घाला, पण आशा धरू नका. आक्का शेजारीच बसल्या होत्या. डोळे गेले म्हणून कान जातात असं डॉक्टरांना वाटलं की काय, कुणास ठाऊक.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही शिवाजीनगरच्या फलाटावर बसलो होतो. आक्कांनी माझा हात धरला.

"इंदे, त्यास्नी सांगायचं न्हाई. थेंब दिल्यात, बरं व्हईल, एवढंच सांगायचं."

"अहो पण आक्का, आज ना उद्या त्यांना कळणारच."

"कळंल तवा कळंल. त्याला वाटतंय, त्याच्या रंगानंच माजी नजर टिकलीया. मी आंधळी झाले आसं कळलं तर त्यो मनानं खचंल. कामावरनं दमून येतो आन् त्या डब्यांम्होरं बसला की पोरावानी हुतो. तेवढं तरी राहू दे त्याचं." मग त्यांनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माजी शपथ हाय."

मी शपथ घेतली. त्या वयात शपथ घ्यायला फार आवडतं.

त्या दिवाळीपर्यंत आक्कांना काहीच दिसेनासं झालं. पुढे पुरं वर्षभर त्यांनी ते नवऱ्यापासून लपवलं. कसं, ते मला विचारा. मागच्या उंबऱ्यापासून चूल पाच पावलं. चुलीपासून पाणी डावीकडे दोन. पलंग उजव्या हाताला. सगळं घर त्यांनी पावलांत पाठ केलं होतं. तांदूळ मी निवडून द्यायची, सुईत दोरा मी ओवून ठेवायची. रंगांची चिंता नव्हती, कारण भाऊंचा नियम पक्का. टकटक कुठून आली ते ऐकलं की, किंवा हात लावला की, वस्तू कशाची ते कळायचं, आणि कशाची ते कळलं की रंग कळायचा. शिवाय भाऊंच्या सदऱ्याला टर्पेंटाइनचा वास आला की आक्कांना समजे, आज काहीतरी नवं झालंय. दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेले की त्या मला बोलावून घ्यायच्या.

"नीट सांग. पिवळा म्हंजी हळदीचा का झेंडूचा?"

"झेंडूचा."

"आन् वेल कुठल्या बाजूला काढलीया?"

मी सांगायची. संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "झेंडूवानी झालाय बगा, आन् वेल कशी वर चढलीया." भाऊ खूश होऊन हसायचे. मला तेव्हा त्यात मजा वाटायची, हे कबूल करते. आपण एक मोठं नाटक चालवतोय असं वाटायचं.

सत्तावनच्या दिवाळीआधी चार दिवस आक्का बाजूला बसल्या. तेव्हा चाळीत हे कडक पाळत. त्या चार दिवसांत बाईने घरात पाऊल टाकायचं नाही, चुलीला, पाण्याला शिवायचं नाही. मागच्या पत्र्याच्या पडवीत घोंगडी टाकून राहायचं, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि मग घरात यायचं. भाकरी मी वरून टाकायची. भाऊंनी नेमकी ती संधी साधली. कामावर रजा टाकली, दार आतून लावलं आणि घर उलटंपालटं करायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुढच्या दाराने आत बोलावलं. मी बघतच राहिले. पाण्याची मांडणी खिडकीपाशी गेली होती, "उजेडात तिला नीट दिसंल म्हून". पलंग समोरच्या भिंतीला. आणि खोलीच्या मधोमध, मागच्या उंबऱ्यापासून दोन पावलांवर, एक नवं स्टूल. देवदाराचं, वर जुन्या गोधडीची गादी ठोकलेली, पिवळंधमक.

"तिचं गुडघं दुखत्यात खाली बसून," भाऊ म्हणाले. "आत पाऊल टाकलं की पयलं ह्येच नजरेत भरलं पायजे. इंदुताई, तिला बोलायचं न्हाई हां. आपली शपथ हाय तुमाला."

मी हो म्हणाले. मागच्या उंबऱ्यापासूनची पावलं मनात मोजली, तरी हो म्हणाले. एकीला शब्द दिलेला की नवऱ्याला काही सांगणार नाही, दुसऱ्याला शब्द दिला की बायकोला काही सांगणार नाही. दोन्ही शब्द मी पाळले. आजही रात्री जाग आली की हेच मनात येतं, की त्यातला एक मोडला असता तर काय बिघडलं असतं.

पडवीतून आक्का विचारत, "काय चाललंय गं आत? लई वास सुटलाय."

"दिवाळी आहे आक्का, विचारू नका."

मनाशी मी ठरवलं होतं, पाचव्या दिवशी सकाळी त्या न्हाल्या की आपण हात धरून आत न्यायचं. ओवाळायचं निमित्त काढायचं. चांगला बेत होता. पण सकाळी विहिरीवर शालनबाई भेटल्या आणि मला राहवेना. ज्या बाईला सांगायचं ते तिला सांगितलं नाही, आणि शालनबाईंना मात्र भाऊंनी कसं घर सजवलंय ते साग्रसंगीत सांगत बसले. घागर भरून बाजूला राहिली होती आणि माझं तोंड मात्र वाहत होतं.

परत आले तेव्हा आक्का न्हाऊन मागच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. केसांतून पाणी निथळत होतं. भाऊ आत, चुलीपाशी, दोन्ही हात मागे बांधून, बक्षिसाची वाट बघणाऱ्या पोरासारखे उभे.

"बग," ते म्हणाले.

आक्कांनी मान हळूहळू फिरवली, जशी बघणारा माणूस फिरवतो. नवा रंग त्यांच्या नाकात भरला असणारच. "लई झाक झालंय वो," त्या म्हणाल्या. "कसं भरल्यावानी दिसतंय." आणि हसल्या.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही. पण भाऊंकडे बघितलं, आक्कांकडे बघितलं, आणि कोणता शब्द मोडायचा ते मला ठरवता येईना. तेवढ्यात आक्का निघाल्या. पाच पावलं, चुलीकडे, सरळ. दुसऱ्या पावलाला स्टूल होतं.

त्या पडल्या तो आवाज मी लिहीत नाही. खुब्याचं हाड मोडलं. भाऊ धावले, खाली बसले, त्यांना उचलायला हात घातला आणि मध्येच थांबले. स्टुलाकडे बघितलं. इतकं पिवळं, की आंधळ्याखेरीज कुणाला चुकलं नसतं. मग त्यांनी आपला हात आक्कांच्या डोळ्यांपुढून सावकाश फिरवला. आक्का कण्हत होत्या, पापणी हलली नाही.

"कवापासनं?" भाऊंनी विचारलं.

भाऊंनी वर माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि त्यांना सगळं कळलं.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात आक्कांच्या पायाला वजन बांधून त्यांना निजवलं. भाऊ रोज भाकरी घेऊन जात, भरवत, परत येत. पण बोलत नसत. आक्कांशी नाही, माझ्याशी तर नाहीच. आठवड्याने मला त्यांच्या खोलीतून खरवडल्यासारखा आवाज आला म्हणून डोकावले. भाऊंनी डब्यात चुना भिजवला होता आणि ते घर पांढरं करत होते. भिंती नव्हे, सगळं. मांडणी, पलंग, हंड्याची फळी, आरशाची चौकट, तुळशीचा डबासुद्धा. ते पिवळं स्टूलही. तेलाच्या रंगावर चुना धरत नाही, हे मला नाही तरी पेंटरला ठाऊक असायला हवं. एक हात दिला की वाळून पोपडे सुटत आणि खालून निळं, तांबडं डोकावे. ते पुन्हा हात देत. "सांग बरं, ह्यो कसला?" असं ते एकदा स्वतःशीच म्हणाले आणि ब्रश आपटला. मला फार भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

त्या रविवारी मी हट्टाने त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. आक्का निम्म्या झाल्या होत्या. पाठीला जखमा झाल्या होत्या, अंगात ताप होता. भाऊ उशाशी बसले. आक्काच म्हणाल्या, "त्या दिशी तुमचं सांगायचं राहूनच गेलं. माजी पाण्याची मांडणी कुठं केलीया?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नखांत चुना होता.

"खिडकीपाशी," ते म्हणाले. "निळी हाय. खालच्या फळीला पांढरी वेल काढलीया, बारीक."

"आन् पलंग?"

"म्होरच्या भिताडाला. हिरवाच हाय, पर पायांस्नी तांबडी कड मारलीया."

ते सांगत गेले. आठ दिवस न बोललेला माणूस अर्धा तास बोलला. एकेक डबा, एकेक फळी, तुळशीच्या डब्यावरचे मोर, रिमला लावलेले नवे काठ. त्यातलं काही होतं, काही कधीच नव्हतं, आणि आता तर सगळ्यावर चुना होता. आक्का डोळे मिटून ऐकत होत्या, मधूनच हसत होत्या.

"आन् ते स्टूल?"

"पिवळं."

"हळदीचं का झेंडूचं?"

"झेंडूचं," भाऊ म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या भरलेला असताना पाणी आणतो म्हणून बाहेर निघून गेले.

त्यांची पावलं लांब जाईपर्यंत आक्का थांबल्या.

"इंदे, त्यानं समद्या घराला चुना फासला ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? भाकरीला वास येतो, हाताला येतो. टरपेंटाइन न्हाई त्यो, चुना हाय. बरं झालं. राग भाईर निगाला. मी लई मोटं पाप केलं त्याचं."

मी रडायला लागले. म्हटलं, "आक्का, पाप माझं आहे. मी बोलले असते तर..."

"गप. आता एक ऐक. मला कळलंय ह्ये त्याला सांगायचं न्हाई. किती नटवून सांगितलं त्यानं मला, आँ? मोर काय, वेल काय. आसं माज्याशी कुणीच कवा बोललं न्हाई." त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि पुन्हा आपल्या डोक्यावर ठेवला.

त्यानंतर रोज भाऊ त्यांना घर सांगत. आक्का रोज नवं विचारत. हे दोन महिने चाललं. संक्रांतीच्या आधी ताप चढला तो उतरला नाही, आणि आक्का गेल्या.

दिवस झाल्यावर मी भाऊंना भाकरी द्यायला गेले. ते जमिनीवर बसून ओल्या फडक्याने एकेक वस्तू पुसत होते. बादलीतलं पाणी पांढरं झालं होतं. निळी फळी उघडी पडली होती, हिरवा पलंग निम्मा. चुन्याने रंगाची चमक गेली होती, पण रंग होते. स्टूल त्यांनी मांडीवर घेतलं होतं.

"इंदुताई," ते वर न बघता म्हणाले, "एक इचारू? तवाच्यावानी लपवू नगा. मी दवाखान्यात खोटं बोलत हुतो ते तिला कळलं हुतं का?"

मी आयुष्यात बऱ्याच वेळा बोलायला चुकले. त्या वेळी नाही चुकले.

"नाही," मी म्हणाले. "शेवटपर्यंत त्यांना घर तसंच दिसत होतं."

"दिसत हुतं," ते म्हणाले. मग फडकं पिळून पुन्हा स्टूल पुसायला लागले.